काठी थरथरेपर्यंत गप्प

वर्धा स्टेशनवर गाडी हलली तरी आई खिडकीला धरून चालतच होती. "रायपूरले उतरताना फट हाय वं, पाय लांब टाक! आन् नाही जमलं तं सांग, न्यायले येईन!" अख्ख्या डब्याने ऐकलं. मला जन्मापासून दिसत नाही, आणि तोवर मी आईच्या आवाजामागेच चालत आले होते. नाली हाय, गाय हाय, पायरी हाय. तो आवाज मागे पडला तेव्हा मी पराठ्यांचा डबा पोटाशी धरून रडले. लपूनछपून नाही, चांगली रडले.

रायपुरात समता कॉलनीत खोली घेतली. आता शेजारचे मराठी पोट्टे माझ्याशी हिंदीत बोलतात आणि मीही त्यांना 'हो'ऐवजी इथलं 'हव' म्हणून मोकळी होते. अंधांना चालायला शिकवणारे शिक्षक तयार करायचे, हे माझं काम. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काठी आहे. समोर काही आलं की तिची मूठ हातात थरथरते. खालचा दगड साधी पांढरी काठीही सांगते, ही छातीच्या उंचीवरचंही सांगते. शिक्षकांना डोळ्यांवर पट्टी बांधून चालवणं सोपं. त्यांच्या तोंडाला कुलूप लावणं महाकठीण. खरा धोका असेल तरच बोलायचं, हा आमचा नियम. पण इथे अंध माणूस दिसला की दहा जण हात धरायला धावतात.

रायपूरजवळच्या उरल्याहून आलेली शिकाऊ शिक्षिका कुंती तर सगळ्यांत मऊ. मूठ थरथरायच्या आधीच ओरडायची, "भैया, ठेला है!" शिकणारा अंध माणूस थांबायचा, पण काठीने नाही, तिच्या आवाजाने. मी तिला पास करेना. "दीदी, लग गया तो?" म्हणत ती रडकुंडीला आली. मी चिडले, "तेरी आवाज उसके साथ घर जाएगी क्या?"

मग दिवाळीनंतर आई आली, ती मला न्यायलाच. "लय झालं एकटीनं राहून. चाल घरी." माझी बॅग भरायलाही घेतली. मी म्हटलं, उद्या सदर बाजारात चल, मग ठरव. दुसऱ्या दिवशी कुंतीची परीक्षा होती, आणि शिकणाऱ्याच्या जागी मीच चालणार होते, कधी न गेलेल्या गल्लीतून. मागे कुंती, तिच्याजवळ आई.

स्कूटरवाल्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला होता. मूठ आधी हलकी, मग जोरात थरथरली. मागे आईच्या बांगड्या वाजल्या. आता ती बोलणार, मला पक्कं ठाऊक होतं. पण कोणीच बोललं नाही. मी थांबून हात पुढे केला, तर हातगाडीबाहेर आलेली लोखंडी शिडी. वळसा घालून पुढे गेले.

चौकात कुंती हुंदके देत म्हणाली, "आंटी बोलने वाली थीं दीदी, मैंने हाथ दबा दिया उनका." जिला स्वतःची जीभ आवरेना, तिने माझ्या आईची आवरली! मी तिला तिथेच पास केलं. खोलीवर येऊन आईने माझे कपडे परत कपाटात लावले आणि स्वतःची बॅग भरली.

तिला गाडीत बसवायला गेले तर म्हणाली, "जाय तू, तुले उशीर होईल." परतताना माझ्यासोबत कोण आहे, हे विचारलं नाही. गाडी सुटल्यावरही मी उभीच होते. तिने शेवटचं काहीतरी ओरडून सांगावं, असं फार वाटत होतं. मग वळले. काठीचं टोक जिन्याला लागलं तेव्हा मीच हळूच म्हटलं, "पायरी हाय वं."