जुन्या ब्राउझरसाठीची सूचना

आमची कंपनी वेबसाइट बनवत नाही, वेबसाइट बनवणाऱ्यांना लागणारं सामान बनवते. बटणं, कॅलेंडर, नाव-नंबर भरायच्या चौकटी. दुसऱ्या कंपन्या ते उचलून आपापल्या साइटवर बसवतात. माझं काम तपासणीचं. प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि प्रत्येक फोनवर सगळं नीट दिसतंय ना, हे मी पाहते. त्यासाठी माझ्या टेबलाच्या खणात जुने फोन आणि टॅब होते, काचा तडकलेले, बॅटऱ्या फुगलेले. ऑफिसात त्या खणाला वृद्धाश्रम म्हणत. मला तो विनोद कधीच आवडला नाही.

मग जुन्या ब्राउझरचा सपोर्ट काढायचं ठरलं. त्यांच्यासाठी जादा कोड वागवावा लागतो आणि त्याने सगळ्यांचंच पान जड होतं, हे खरं होतं. टीम लीड म्हणाला, असे वापरणारे नगण्य आहेत, त्यांना एक सूचना दाखवू. तुमचा ब्राउझर जुना आहे, कृपया या नंबरवर फोन करा, अशी. मी विचारलं, ती सूचना जुन्या टॅबवर तपासायची ना?

"सपोर्टच काढलाय, मग तिथे टेस्ट कशाला?" तो म्हणाला.

मी वाद घातला. उत्तर मिळालं की मी विषय फार मनाला लावून घेते. पुढच्या गुरुवारी सकाळी नवी आवृत्ती आमचं सामान वापरणाऱ्या सगळ्या साइटवर आपोआप गेली.

मला चैन पडेना. एक जुना टॅब मी घरी आणला होता. शनिवारी सकाळी चहा घेताना त्यावर आमचं नमुन्याचं पान उघडलं, तर कोरं पांढरं. सूचनाही नाही. घोळ लगेच लक्षात आला. सूचनेची चौकट आम्ही आमच्याच नव्या सामानातून बनवली होती, आणि जुन्या ब्राउझरला ते सामान चालवताच येत नव्हतं. जगात सगळीकडे ती चौकट उघडली असती, फक्त ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्याकडे नाही. लीडला फोन केला. त्याने विचारलं, कुणाची तक्रार आली का? नाही ना, मग सोमवारी बघू. पांढऱ्या पानावर तक्रार करायची कुठे, असं विचारून मी फोन ठेवला.

ठेवला आणि खालच्या मजल्यावरचे चाचा आठवले.

चाचांचं शनिवार पेठेत बुक बाइंडिंगचं दुकान होतं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सेंटरची साइट आमच्याच सामानावर उभी आहे. तिथे आदल्या दिवशी साइट उघडून 'उद्या येणार' हे बटण दाबावं लागतं, नाहीतर वेळ दुसऱ्या पेशंटला जाते. चाचा हे आपल्या जुन्या टॅबवर स्वतः करायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मी चपलाही न घालता खाली गेले. चाचा खुर्चीत बसले होते, मांडीवर टॅब, पाय सुजून तट्ट झालेले. पान पांढरंच होतं. परवापासून उघडत नाही, नेट हळू असेल म्हणून वाट पाहिली, आणि कालची वेळ गेली, असं त्यांनी धापा टाकत सांगितलं. मला नाहीतर सेंटरला फोन का केला नाही, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार, बेटा."

रिक्षात माझी नजर त्यांच्या छातीवरून हलेना. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. सेंटरमध्ये सिस्टर फटकन म्हणाल्या, अहो, एक बटण दाबायला काय होतं? बटणच दिसत नाही, हे मी टॅब पुढे करून दाखवलं. त्यांनी टॅब हातात घेऊन स्वतः बोट लावून पाहिलं. मग एक मशीन मोकळं होताच त्यांनी चाचांना आत घेतलं आणि परत येऊन हळू आवाजात मला सांगितलं की आणखीही काही जण आलेले नाहीत. गावाला गेले असतील, असं त्यांना वाटलं होतं. त्या लगेच एकेकाला फोन लावायला लागल्या.

मी आत गेले तेव्हा चाचांचा श्वास जरा शांत झाला होता. त्यांनी मोकळ्या हाताने मला जवळ बोलावलं.

"माझ्या शेजारच्या मशीनवर धायरीच्या एक बाई असतात. एकट्याच राहतात," ते म्हणाले. "आधी त्या फोन करूनच कळवायच्या. मीच त्यांना माझ्यासारखा टॅब घ्यायला लावला, सगळं शिकवलं. त्या आल्या का ते बघ ना."

मी बाहेर पाहिलं. सिस्टरनी एक नंबर पुन्हा लावला होता आणि कुणी उचलत नव्हतं.