डोळे मिटून पाहिलेले सिनेमे

बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, पार्सलच्या खोलीला लागून, हरवलेल्या वस्तूंची खिडकी आहे. त्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे निधडे म्हणतात. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. निधड्या छातीचा माणूस म्हणून त्यांच्या बायकोनं गावभर डंका पिटला, त्यातून हे नाव पडलं, आणि ते टिकवता टिकवता त्या भल्या माणसाच्या नाकी नऊ आले.

लहानपणी घरात त्यांना भित्री भागूबाई म्हणत. पाल दिसली की स्वारी पलंगावर, फुगा फुटला की आईच्या पाठीमागे. पुढे मिशी आली, नोकरी लागली, पण आतली भागूबाई काही हलली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ते नव्या बायकोला सिनेमाला घेऊन गेले. हव्या त्या सिनेमाची तिकिटं संपली होती. उरला होता तो भुताचा. बायकोसमोर माघारी कसं फिरायचं, म्हणून त्यांनी छाती फुगवून दोन तिकिटं काढली. आत पहिली किंकाळी झाली आणि बायकोनं त्यांचा दंड धरून डोळे गच्च मिटले.

"अहो, काय झालं? मी नाही बघणार. तुम्ही बघा आणि मला सांगा."

निधडे काय सांगणार, कपाळ! त्यांनी तिच्याही आधी डोळे मिटले होते. पण 'मलाही बघवत नाही' हे नव्या बायकोला सांगायला जी हिंमत लागते, ती असती तर डोळे मिटायची वेळच कशाला आली असती?

त्यांनी कान टवकारले. दार करकरलं. "दार उघडलं," ते म्हणाले. पावलं वाजली. "कुणीतरी आलं. बाई आहे. काहीतरी शोधतेय."

"काय शोधतेय?"

दिवसभर ज्याच्या खिडकीशी लोक एकच प्रश्न घेऊन येतात, त्याला दुसरं काय सुचणार? "छत्री," निधडे म्हणाले.

बायकोनं सुटकेचा निःश्वास सोडला. घरी जाताना ती भरभरून बोलत होती. सिनेमा फार आवडला, बिचारीला छत्री सापडायला हवी होती, आणि तुम्ही किती शांतपणे बघत होता! बायकोला भुतांचे सिनेमे भारी आवडतात, एवढं निधड्यांनी ओळखलं. मग काय, दर रविवारी दुपारचा खेळ ठरलेला.

निधड्यांच्या सिनेमांतली भुतं रक्तबिक्त पीत नसत. ती येत, ती काहीतरी विसरून गेली होती म्हणून. कवळी, डबा, एका पायातला बूट. जंगलातल्या घरात सुट्टीला गेलेल्या मित्रांना एकेक करून भूत गाठतं, ते 'माझा डबा पाहिलात का' एवढंच विचारायला. ही पोरं उत्तर द्यायचं सोडून किंचाळत सुटतात. मग भूत दुसऱ्याला विचारायला जातं. नायक दिवा गेल्यावरही एकटाच तळघरात का उतरतो? लोक त्याला मूर्ख म्हणतात. निधड्यांच्या मते तो सापडलेली वस्तू जमा करायला जातो, आणि हरवलेल्या वस्तूंची खोली तळघरातच असते, कारण चांगली जागा त्या खात्याला कोण देतंय?

बायको कपडे अल्टर करायच्या दुकानात काम करायची. सोमवारी ओठांत टाचण्या धरून ती हे सगळं सांगे, वर आपली मतंही ठोकून देई. "एकानं जरी शांतपणे म्हटलं असतं ना, की नाही बाबा पाहिला, उद्या चौकशी कर, तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता. माणसांना बोलायची रीत नाही आणि दोष भुताला!"

तोच सिनेमा पाहिलेल्या बायका चक्रावून जात. "आम्हाला नाही बाई कुठे डबा दिसला."

"तुम्ही डोळे मिटले असतील," ती म्हणे. "आमच्या ह्यांची पापणीसुद्धा लवत नाही."

बायका वरमून पुन्हा तिकिटं काढत आणि डबा शोधत.

हे असं कायम चाललं असतं. पण निधड्यांना एक मेहुणा होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, जगातलं सगळं पाहून बसलेला, आणि समोरच्याचं चुकलं की त्याचा दिवस आनंदात जायचा. एका शनिवारी तो बहिणीकडे आला, तेव्हा ती गेल्या आठवड्याचा सिनेमा सांगत होती. आरशातल्या बाईचा चष्मा हरवलेला असतो.

"ताई, चष्मा कुठला? ती बाई माणसं खाते. मी दोनदा पाहिलाय."

"खात नाही. तिला लांबचं दिसत नाही म्हणून जवळ येऊन बघते. सगळी भुतं तोंडाजवळ तोंड का आणतात? कधी विचार केलास?"

मेहुण्यानं कधी विचार केला नव्हता, आणि त्याचाच त्याला राग आला. "भावोजी, उद्या मी येतो तुमच्याबरोबर. तुमच्या शेजारीच बसतो. बघू तरी, तुम्हाला काय काय दिसतं ते."

जगात मनापासून एकच माणूस निधड्यांना शूर समजत होता. बाकी सगळं जग हसलं असतं तर चाललं असतं, त्याची त्यांना सवय होती. पण बायकोच्या नजरेत आपण भागूबाई होणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. उद्या काहीही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात बघून पापणी न लवू देण्याचा सरावही केला. साबण डोळ्यांत गेला तेवढा.

दुपारी एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेहुणा, मध्ये निधडे. दिवे गेले. बायकोनं सवयीनं दंड धरला. निधड्यांनी दात आवळून डोळे उघडले. पडद्यावर एक म्हातारी पाठमोरी बसून केस विंचरत होती. बस, एवढंच. मग ती सावकाश मान वळवू लागली.

तिचं तोंड कसं होतं ते निधड्यांना आजतागायत माहीत नाही.

"अहो, काय झालं?"

"उठली," निधडे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. कुठेतरी कप्पे खेचल्याचा आवाज आला. "कपाटं उघडतेय. एकेक कप्पा बघतेय. किल्ली सापडत नाहीये तिला. मुलं बाहेरगावी असतात, त्यांचा निरोप यायचाय, आणि घराला तर बाहेरून कुलूप. म्हणजे आपण मेलो आहोत हे तिला कुणी सांगितलंच नाहीये गं."

बोलता बोलता त्यांना त्या म्हातारीची दया आली आणि भीती जरा मागे सरली. तेवढ्यात पापण्यांवर उजेड आला.

"सकाळ झाली बघ," निधडे म्हणाले. "छान ऊन पडलंय. आता ती अंगणात जाऊन कुंड्यांखाली बघेल."

पावलांचा आवाज येत होता, संगीत चालू होतं. निधडे सांगत राहिले. म्हातारी कुंड्या उचलून बघत होती, शेजारचा कुत्रा तिच्यावर भुंकत नव्हता, कारण त्याची ओळख होती. थिएटरात कधी नव्हे इतकी शांतता होती. सगळं ऐकून घेतल्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, पडदा कोरा आहे. कधीचं चित्र गेलंय."

निधड्यांनी डोळे उघडले. छताचे सगळे दिवे लागलेले. पडदा पांढराफटक. नुसता आवाज चालू होता. पुढच्या रांगांतली माणसं माना वळवून त्यांच्याकडे बघत होती, आणि बायको तर कधीपासून बघत असावी. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"ताई, बघितलंस ना? डोळे मिटून बसलाय हा माणूस! अगं, घाबरतो तो!"

"दिसतंय मला," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "पहिल्यापासून?"

निधड्यांनी होकारार्थी मान हलवली. लाजेनं कान लाल झाले होते.

"इतकी भीती वाटते, तर दर रविवारी यायचं कशाला?"

"तुला आवडतात ना भुताचे सिनेमे."

"मला? मला कुठे आवडतात? तुम्हाला आवडतात म्हणून मी येते! लग्न झाल्या झाल्या तुम्हीच तिकिटं काढलीत."

"दुसऱ्या सिनेमाची संपली होती."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मागच्या रांगेतल्या एका बाईंना राहवलं नाही. "अहो, तुमचं होऊ द्या सावकाश, पण त्या म्हातारीचं काय झालं?"

"काही झालं नाही, म्हातारी माणसं खाते!" मेहुणा ओरडला. चारी बाजूंनी लोकांनी त्याला गप्प बसवलं.

तेवढ्यात दिवे गेले. चित्र परत आलं, आणि पाठोपाठ अशी काही किंकाळी उठली की निधड्यांचे डोळे आपोआप मिटले. दंडावर ओळखीची पकड बसली.

"अहो, काय झालं?"

"मला माहीत नाही," निधडे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. "मी डोळे मिटलेत."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण काय झालं ते सांगा ना."