ठाण्यातली जग्गलगी

माझ्या यशाच्या गोष्टी ऐकून घरचे कंटाळलेत, म्हणून ही फजितीची. आठवली की आजही कान गरम होतात.

मी हुबळीत पोलीस इन्स्पेक्टर असताना अमरगोळच्या बाजार आवारातल्या एका अडत्याने ठाण्यात फिर्याद दिली: वखारीमागच्या जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे त्याच्याभोवतीचं कडं, चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, शाळा बुडवणारी चार पोरं एका पत्र्याच्या शेडमध्ये जमतात, धाव तिथंच आहे. मी लवाजम्यासह छापा घातला. धाव सापडली, पण तिच्यावर कातडं ताणून जग्गलगी केलेली, होळीला आपल्याकडे वाजवतात तो माणसाएवढा ढोल. मी हुबळीतच वाढलेला, लहानपणी तिच्यामागे नाचलेला. तरी पंचनाम्यात लिहिलं, 'संशयास्पद गोल वस्तू, एक नग'.

पोरं अल्पवयीन, म्हणून बाकावर बसवून विचारपूस केली. तेवढ्यात त्यांना वाजवायला शिकवणारा म्हातारा हमाल आला. पोरं त्याला अप्पा म्हणत. धाव अडत्याच्या वडिलांनीच दिली, असं त्याने शांतपणे सांगितलं. सकाळी शाळेत जाईल त्यालाच दुपारनंतर वाजवायची काठी हातात मिळायची, हा त्याचा नियम. तिघं वर्गात बसू लागले होते. चौघांतला थोरला सोमवारपासून जाणार होता.

थोरला म्हणाला, "नको अप्पा. चोर ठरलोच की आता. शाळेत कोण बसवून घेतंय?"

अडत्याच्या वडिलांचा जबाब घेतला. धाव दिली होती, मुलाला सांगायचं राहिलं होतं. अडत्या खजील झाला, मी त्याहून जास्त. पण मुद्देमाल जप्त झाला की कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही, आणि होळी आठ दिवसांवर. मुद्देमालाच्या खोलीत ओल. अप्पा म्हणाला, कातडं रोज उन्हात तापवलं नाही तर ती वाजायची नाही.

मग रोज शाळा सुटल्यावर पोरं यायची, हवालदाराच्या देखरेखीखाली जग्गलगी अंगणात काढायची. तापली की वाजवून बघावीच लागते. डायरीत नोंद व्हायची, 'मुद्देमालाची तपासणी केली'. थोरलाही यायचा, पण शाळेत न जाता. अप्पा त्याला काठी देत नसे. तो गेटपाशी बसून राही.

सोमवारी मी साध्या वेशात त्याला घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. चूक माझी, असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "साहेब, लेखी द्याल?" नोकरीत मी इतक्यांचे जबाब घेतले; स्वतःचा दिला तो तेवढाच. त्या दुपारी अप्पाने त्याच्या हातात काठी ठेवली.

पोरांना ठाण्यात आणायला एक शिपाई पुरतो. ती आपण होऊन यावीत, यासाठी अप्पासारखा माणूस लागतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. होळीच्या आदल्या दिवशी हुकूम आला. जग्गलगी घरंगळवत नेताना थोरला गेटपाशी थांबला.

"साहेब, होळी झाल्यावर आलो तर चालंल काय? तुमच्या अंगणात ऊन चांगलं पडतंय."