डिव्हायडरपलीकडचा विहार

आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता रुंद होणार म्हणून सगळ्यात जास्त खूश मीच होते, हे आधी कबूल करते. तेलंगणातलं आमचं आदिलाबाद शहर मावला गावाच्या अंगानं वाढत चाललं होतं. पेपरात नव्या रस्त्याचा नकाशा आला तेव्हा आमच्या भागावरची जाड रेघ मी शाळेत सगळ्या बाईंना दाखवत फिरले. रस्ता झाला, दिवे लागले, आणि मग मधोमध मांडीएवढ्या उंचीचा सिमेंटचा डिव्हायडर आला. नकाशात त्याची रेघ इतकी बारीक होती की तिच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

आमचा बुद्धविहार पलीकडं आणि आम्ही अलीकडं. डिव्हायडरमधली मोकळी जागा थेट फंक्शन हॉलसमोर, म्हणजे इथून पाऊण-एक किलोमीटर. लग्नाच्या गाड्यांना वळायची सोय झाली, माणसांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझी आई रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जायची. तिचं सगळं आयुष्य तामसी गावाकडच्या कापसाच्या शेतात दुसऱ्याचं निंदण-खुरपण करण्यात गेलं. आता माझ्याकडं राहायची. मी शाळेत, जावई ऑफिसात, शेजारी तेलुगू. ती दिवसभर मुकी बसायची आणि सहा वाजता पांढरी साडी नेसून निघायची. विहारात तिच्या वयाच्या चार-पाच बाया होत्या. वंदना अर्धा तास, गप्पा दीड तास. डिव्हायडर झाला तरी ती थांबली नाही. आधी त्याच्यावर बसायची, साडी सावरायची, मग एकेक पाय पलीकडं टाकायची. गाड्या कर्कश हॉर्न देत जायच्या आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

"मी स्कूटीवर सोडते ना तुला," मी म्हणायचे.

"मी काय सामान हाओ का, नेऊन सोडाले?" ती म्हणायची. "दोन पाय हायेत मले."

म्हणून आम्ही अर्ज करायचं ठरवलं. आमच्या लोकांचा कागदावर फार विश्वास. आमची एक पिढी खुरपं टाकून खडूला आणि फाइलीला लागली ती लिहिता-वाचता आलं म्हणून, तेव्हा लिहिलं की काम होतं असं आम्हाला मनापासून वाटतं. कॉलनीच्या कमिटीत सगळे मास्तर नाहीतर क्लार्क. आंदोलनाचं नाव काढलं की अध्यक्ष, तेही रिटायर क्लार्कच, चष्मा पुसायला घेतात. "आधी अर्जी देऊ. रीतसर."

अर्ज तेलुगूत हवा होता आणि तो मीच लिहिणार असा माझा हट्ट. मी मराठी माध्यमातली, तेलुगू नोकरीसाठी शिकले, पण शिकले बरं का! दोन रात्री बसून मी पानभर मजकूर लिहिला. शेवटी मराठीत आपण लिहितो तसंच लिहिलं, की कॉलनीसमोर माणसांना वाट ठेवावी असा आमचा आग्रह आहे. आग्रहम. शब्द दोन्हीकडं एकच, फक्त शेपटी जोडली. घरोघर सह्या घेतल्या. आईनं अंगठ्याऐवजी सही केली, तिला तेवढी येत होती.

रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात इंजिनिअरसाहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला. अर्ज टेबलावर ठेवून ते हिंदीत म्हणाले, "आप लोग धमकी दे रहे हैं क्या?"

मला काही कळेना. शेजारचा क्लार्क खाली मान घालून हसत होता. तोच शेवटी म्हणाला, "मॅडम, आग्रहम अंटे कोपम."

तेलुगूत आग्रह म्हणजे राग. साऱ्या कॉलनीच्या सह्यांनिशी मी लिहून दिलं होतं की, आमचा तुमच्यावर कोप झाला आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं मुलांच्या वहीतल्या चुकांवर लाल रेघा मारणारी मी. आज वाटतं, तेव्हाच म्हणायला हवं होतं की बरोबर लिहिलंय साहेब, राहू द्या. पण मी माफी मागितली. एकदा नाही, तीनदा.

साहेब मऊ झाले. मग त्यांनी मला समजावलं की तुमची माणसं डिव्हायडरवरून उड्या मारतात, उद्या कुणी गेलं तर जबाबदार कोण? नवीन अर्ज लिहा आणि निर्णय होईपर्यंत कॉलनीतलं कुणी डिव्हायडर ओलांडणार नाही, हेही लिहून द्या. म्हणजे तुमची शिस्त दिसेल. शिस्त म्हटलं की माझ्यातली बाई लगेच खुर्चीवरून उठते. मी तिथंच बसून दुसरा अर्ज लिहिला. या वेळी क्लार्कला विचारून विचारून.

आणि लिहून दिलं म्हणजे पाळायला हवं. मी दारोदार सांगत फिरले. दूध आणायला पलीकडं जाणाऱ्यांना फंक्शन हॉलवरून वळसा घालायला लावलं. लोक कुरकुरले, पण ऐकलं. आमचे लोक ऐकतात, हीच तर बोंब आहे.

आई मात्र भांडली. "काऊन वं? रस्ता त्याच्या बापाचा हाये का?"

"आई, मी लिहून दिलंय. तूच ओलांडलंस तर मी तोंड कसं दाखवू?"

माझ्या तोंडासाठी ती थांबली. पहिले काही दिवस मी तिला स्कूटीवर नेलं. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, खंड पडत गेला. तिनंही विहाराचं नाव काढणं सोडलं. सहा वाजले की ती पायरीवर बसायची आणि पलीकडच्या विहाराच्या दाराकडं बघत ओठ हलवायची. ट्रक आडवे जायचे.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात ते उगीच नाही. मी खेटे घालत राहिले. साहेब मीटिंगला. साहेब हैदराबादला. फाइल वर गेली. फाइल वरून आली. प्रत्येक वेळी मी नम्रपणे हसून परत येत होते आणि घरी भांडी आपटत होते. अखेर सर्वे होणार असं कळलं आणि एका सकाळी दोन माणसं रजिस्टर घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या लिंबाखाली खुर्च्या टाकून बसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! मी त्यांना दोनदा चहा पाठवला. कॉलनीत सगळ्यांना बजावलं की आज तरी कुणी ओलांडू नका रे, साहेबांची माणसं बसलीत. पलीकडं पान खायला निघालेल्या अध्यक्षांना मी स्वतः परत फिरवलं. आई पायरीवरून हे सगळं बघत होती.

उत्तर आलं ते चार ओळींचं. या वेळी मला एकही शब्द अडला नाही. सदर ठिकाणी रस्ता ओलांडणारे पादचारी आढळले नाहीत. सबब वाट ठेवण्याची गरज नाही.

मी ऑफिसात गेले आणि भांडले. हो, भांडले. "तुम्हीच लिहून घेतलंत ना, कुणी ओलांडणार नाही म्हणून? मग सापडेल कोण?" साहेब शांतपणे म्हणाले, "मैडम, गिनती में जो आया, वही फाइल में है." त्या माणसाला राग येत नव्हता, लाजही वाटत नव्हती. भिंतीशी डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो. चीड त्याची आलीच, पण घरी येताना सगळ्यात जास्त चीड माझीच मला येत होती.

आईनं विचारलं, "काय आलं वं कागदात?"

मी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "मंजे मी इतके दिवस जात होती, ते कोनी लिवलंच नाई. आन् ज्या दिशी लिवाले आले, त्या दिशी तू मले घरात बसवलं."

ती उठली. साडी बदलली, चपला घातल्या आणि रस्त्याकडं निघाली. मी मागं मागं गेले, पण अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? डिव्हायडरवर ती पूर्वीसारखीच बसली. उजवा पाय गेला. डावा उचलेना. तिनं दोन्ही हातांनी मांडी धरून ओढून बघितली. इतक्या महिन्यांच्या बसण्यानं गुडघा धरला होता, आणि हे मला घरात राहून कळलं नव्हतं. मागून बस हॉर्न देत होती.

मी रस्त्यात खाली बसले, तिचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि पलीकडं ठेवला.

तिनं वळून लिंबाकडं पाहिलं. "कोनी मोजून राह्यलं का?"

मी म्हटलं, "नाही."