लोउ मास्तरांची काशाची थाळी

लोउ बाओछिन तीस वर्षं आमच्या लिनफन शहरातल्या एका संगीत नाटक मंडळीत काशाची लहान थाळी वाजवायचे. नजर कायम नटाच्या पायांवर. पाऊल पडलं की ठोका. मंडळी बंद पडली, तेव्हा ते आमच्या हौशी बँडमध्ये आले आणि मोठा ढोल वाजवू लागले.

मी तिथे क्लॅरिनेट वाजवते. मास्तरांना नोटेशन वाचता येत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. सरावाआधी ते हळूच यायचे. "ह्वेइ, पोरी, माझं तेवढं गाऊन दाखव बघू." मी गायचे, ते समासात आपले बोल लिहून घ्यायचे: छांग, छी, थाय. साध्या चालींना तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी आमचे संचालक तान एका तरुण संगीतकाराची नवी रचना घेऊन आले. जुन्या नाटकातला सेनापतीचा प्रवेश, पण सगळा बँडवर, आणि मधोमध लहान थाळी.

"मास्तर, हे तर तुमच्या घरचंच," तान म्हणाले. मास्तर लाजून हसले.

पण मात्रा कधी पाच, कधी सात. मलाच धड गाता येईना. सरावात मास्तरांचा ठोका दोनदा आधीच पडला.

"तीन मात्रा थांबायचं होतं, मास्तर," तान म्हणाले.

"कोणासाठी थांबू? इथे कोणी येतच नाहीये."

सगळे हसले. तान मात्र चौथऱ्यावरून खाली उतरून त्यांच्यापाशी गेले. "आपण कुठे आहोत? बोट ठेवा बघू."

मास्तर पानं उलटत राहिले. "चष्मा नवीन आहे," ते म्हणाले.

"चष्म्याचं सोडा, पान दुसऱ्याच गाण्याचं आहे," ट्रम्पेटवाला म्हणाला.

मला बोलता आलं असतं. मी क्लॅरिनेटची पत्ती पुसत बसले.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले. काकू शेवया कापत होत्या.

"या, ह्वेइबाई. बसा," मास्तर म्हणाले. अकरा वर्षं मला पोरी म्हणणारा माणूस.

"मास्तर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुम्ही कशाला अडचणीत यायचं?" त्यांनी शेवयांवर घालायला व्हिनेगरची बाटली माझ्याकडे सरकवली.

थाळी यातिंगकडे गेली. ती नोटेशन शिकलेली वादक. तिला ठोका शिकवाल का, असं तानांनी विचारलं, आणि मास्तर आले. सरावाचे चारही दिवस आले.

"कागदात काय बघतेस? सेनापतीकडे बघ."

"पण तो कुठाय, मास्तर?"

तेव्हा सहासष्ट वर्षांचे मास्तर स्वतःच गुडघा उचलून दालनभर चालले. यातिंगने त्यांच्या पावलावर ठोका दिला. आम्ही सगळे वाजवायचं थांबलो.

"सुंदर," तान म्हणाले. "पण कार्यक्रमात चालायला कोणी नसेल. तू मोजूनच वाजव."

कार्यक्रमात तिने अचूक मोजलं. लोक उभे राहिले. प्रेक्षकांत, चौथ्या रांगेत मास्तरही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा बँडचा कोट इस्त्री करून परत आला. तानांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा काकूंनी उचलला. म्हणाल्या, ते भाजी आणायला गेलेत.