दुसरा पियानो

उत्तमदादा बरोबर होते. मी चूक होतो.

एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली. आज सकाळी दादा गेले, म्हणून आज लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उत्तमदादा म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरात पेट्या दुरुस्त करणारे. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजनी मंडळांच्या, भीमगीतांच्या पार्ट्यांच्या, शाळांच्या. चाळीस वर्षं एकाच खिडकीशी बसून.

आणि मी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात बसून आजचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस. पदवी नाही, गुरू नाही. सगळं स्वतः शिकलो. ऐकलेल्या प्रत्येक रचनेची वहीत नोंद: शैली, वाद्यं, लांबी सेकंदासकट.

अकोल्यात हे ऐकायला दुसरं कोणी मिळेना.

दादा मिळाले.

मी स्पीकरचे दोन बॉक्स घेऊन गेलो की त्यांच्या हातातली, रीडच्या पितळी पट्ट्या घासायची कानस थांबायची. "काय आणलं आज?"

एकदा पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवून वाजवलेली रचना लावली.

"बिघडला हाय का तो?"

"नाही दादा, मुद्दाम केलंय."

"मंग मले पाठव म्हणा. मुद्दाम बिघडवलेलं बी मी दुरुस्त करतो."

बाराही स्वरांना सारखा हक्क देणारी पद्धत समजावून सांगितली. कोणी सा नाही, कोणी राजा नाही.

दादा म्हणाले, "इचार चांगला हाय. पन बसाले जागा नाई भेटत."

एका स्वराच्या पोटातले बारीक स्वर उलगडून त्यांचीच रचना करणारे स्पेक्ट्रल शैलीचे लोक मात्र त्यांना घरचे वाटले. "हे माह्या कामाचे हायेत. पितळी रीडवर कान ठेवला की हेच ऐकू येते."

माझी सगळ्यात आवडती रचना होती नंबर सात. मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हवर नाव नव्हतं, नुसता आकडा. एक पियानो, एक इवलीशी सुरावट, पुन्हा पुन्हा तीच. मध्येच किंचित पळते, परत स्थिर होते.

वहीत लिहिलं: शैली मिनिमलिझम. एकल पियानो. एकट्या माणसाचा श्वास.

मग अमरावतीच्या एका श्रोता मंडळाने मला बोलायला बोलावलं. तीसेक माणसं, त्यांत संगीताचे तीन प्राध्यापक. बॉक्सची वायरसुद्धा मी स्वतः सोल्डर केलेली नेली. विकतच्या वायरींवर माझा विश्वास नाही.

दादांना सोबत नेलं होतं. नंबर सात शेवटी लावली, पूर्ण.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा दादा उभे राहिले.

"हा मधातच पयते काहून? कोणाले तरी मांगं टाकून राहिला. तो दुसरा कुठी हाय?"

मी म्हणालो, "दादा, हे रीड घासण्याइतकं सोपं नसतं."

सगळे हसले. प्राध्यापकही.

मला ते हसणं आवडलं. तेही लिहून ठेवतो.

परतीच्या एसटीत दादा रुसले नव्हते. कोड्यात पडले होते. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तेच.

"पाह्य, पेटीत एका सुराले दोन रीड असतात. एक खुट्यासारखी गाडून ठेवाची, दुसरीले घासत घासत तिच्याजवळ आनाची. जुळेपर्यंत दोघींमदी लहर उठते. तुह्या त्या पियानोत लहरीची जागा सोडेल हाय. अन् लहरच नाई."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

चार-पाच महिन्यांनी मुलीचे इअरफोन थेट कॉम्प्युटरला लावून नंबर सात ऐकली.

डाव्या कानात माझा पियानो.

उजव्या कानात आणखी एक.

सुरावट तीच, पण हा जागचा हलत नव्हता. माझा त्याच्यापासून सुटत चालला होता. आणि दोघांच्या मधल्या फटीतून अशा सुरावटी निघत होत्या, ज्या दोघांपैकी कोणीच वाजवत नव्हतं.

वायरची पिन उघडली. डावीकडची तार मी दोन्ही बॉक्सना जोडली होती. उजवीकडची आत मोकळी पडलेली, म्हणजे उजवा पियानो कधी बॉक्सपर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही बॉक्स वाजत होते, म्हणून नऊ वर्षं शंका आली नाही.

सोल्डर मात्र चकचकीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून दादांकडे गेलो. इअरफोन त्यांच्या दोन्ही कानांत घातले.

विसाव्या सेकंदाला म्हणाले, "आला."

मग डोळे मिटले. मी माफी मागायला लागलो तर हातानंच गप्प केलं. रचना अजून संपली नव्हती.

संपल्यावर एकच विचारलं. "अमरावतीच्या लोकायले सांगतलं का?"

"सांगतो."

"सांग बाप्पा. ते बिचारे अर्धंच ऐकून गेले."

त्यांना स्वतःचा मान परत नको होता. तीस माणसं चुकीचं ऐकून घरी गेली, हे त्यांना खुपत होतं.

आणि मला? मंडळाने दुसऱ्यांदा बोलावलं होतं. माझ्यासारख्या, स्वतःच शिकलेल्या माणसाची एक चूक निघाली की लोक अख्ख्या वहीवर शंका घेतात. मी गेलो, दुसऱ्याच विषयावर बोललो, टाळ्या घेऊन आलो.

दादा विचारत राहिले. काहीही नवं ऐकायच्या आधी, "सांगतलं का?"

मागच्या आठवड्यात दवाखान्यात, ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून, "सांगतलं का?"

मी तिथेही म्हणालो, "मंडळाच्या ग्रुपवर टाकतो दादा."

तर, त्या संध्याकाळी हॉलमध्ये असलेल्या ज्यांची नावं सापडली, त्या सगळ्यांना इथे टॅग केलंय. प्राध्यापकांनाही.

मी तुम्हाला ऐकवली ती रचना अर्धी होती. ती दोन पियानोंची आहे. चूक माझ्या वायरची, म्हणजे माझी. कृपा करून पुन्हा ऐका, इअरफोन लावून, दोन्ही कानांत. ज्यांना हवी त्यांनी मेसेज करा, मी पाठवतो.

आपण ज्यांना हसलो, त्या एकट्या माणसाला तिथे दुसरा पियानो कळला होता. वाजत नसताना.

सांगितलं, दादा.

जयभीम.