एक कामाचा, एक दुनियेचा

सलीमभाई नुसते चहाला उठले तरी आधी सर्व्हर चालवायच्या कन्सोलमधून लॉगआउट करून बाहेर पडत. मी हसायची. मग ते म्हणत, "हास, हास! घर उघडं टाकून जाशीन अन् मंग चोराले शिव्या देशीन."

अमरावतीच्या आमच्या कार्यालयात न उगवलेल्या बियाण्यांच्या तक्रारी घेत. त्या वर्षांत वऱ्हाडात अशा तक्रारींना काही तोटा नव्हता. ती सगळी यंत्रणा अकोटचे सलीमभाई सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली. लॉगिन दोघांत एकच. टेबलावर त्यांनी मुद्दाम दोन कॉम्प्युटर ठेवलेले, एकावर फक्त कन्सोल, दुसऱ्यावर मेल आणि इंटरनेट. "हा कामाचा, तो दुनियेचा. दोघाईची सोयरीक लावू नोको."

एका दुपारी भारनियमन होतं आणि इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चाले. सलीमभाई नमाजला गेलेले. कन्सोल उघडा ठेवून मी त्याच मशीनवर मेल पाहिला आणि सुट्ट्यांच्या यादीची लिंक दाबली. पान कोरंच उघडलं. पण तक्रारी नोंदवायचं ॲप्लिकेशन सर्व्हरवरून पुसलं गेलं, त्या दिवसाच्या नोंदींसकट! बाहेर परतवाड्याहून एसटीनं आलेली माणसं रांगेत उभी होती. नोंद नाही तर पंचनामा नाही, आणि पंचनाम्याशिवाय दुबार पेरणी अडलेली.

सलीमभाईंनी ते पान तपासलं. "यानं तुया ब्राउझरकडून कन्सोलले पुसाचा हुकूम धाडला. तू आत होतीच. कन्सोलले वाटलं, तूच सांगून राहिली. खरंच तू हाय का, हे त्यानं इचारलंच नाही. मी दोनदा लिहून देल्लं होतं वरती, हे भोक बुजवा म्हनून."

ॲप्लिकेशन पुन्हा चढवून कागदी अर्जांवरून आम्ही तीन दिवसांत नोंदी पुन्हा भरल्या. मग साहेबांनी लेखी खुलासा मागितला: हुकूम कोणाच्या हातून गेला? माझी नोकरी तात्पुरती, वडील अंथरुणाला खिळलेले. सलीमभाईंनी लिहिलं, 'माझ्या हातून.'

"भाई, पण मेल तर मी..."

"चूप बैस. तुले अजून लय काम करायचं हाय."

मी गप्प बसले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं मला. त्यांचं कंत्राट संपवलं गेलं.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी अकोटला त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा भाभींनी चहा दिला. म्हणाल्या, "त्यायच्या एका चुकीनं नोकरी गेली. घरातई तेच सांगत, दुसऱ्या कोनाचं नाव नाही घेतलं कधी."

कप खाली ठेवून मी म्हणाले, "भाभी, ती चूक माझी होती."